ऐकून घेणारा उमेदवार

ऑगस्टच्या अखेरीस मिलो पोस्पिशिलच्या गॅरेजमध्ये निवडणुकीच्या, समर्थकांच्या अंगणात रोवायच्या दोनशे पाट्या होत्या, आणि छापून आल्यापासून त्यातली एकही बाहेर पडली नव्हती. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘पोस्पिशिल – काउंटीचे सरकारी वकील’ आणि त्याखाली ‘तो ऐकून घेतो’. खालची ओळ छापखान्यातल्या बाईने सुचवली होती. ‘तिने आधी मला विचारायला हवं होतं,’ अर्लिस म्हणाली. ती मिलोची बायको, आणि या निवडणुकीत त्याची एकमेव कार्यकर्ती.

टॅनर काउंटीत मिलोला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि अडचण तीच होती. सव्वीस वर्षं तो इथला आरोपींचा वकील होता. दुसरा जवळचा वकील पाऊण तासावर, आणि तो फोन उचलत नसे. दारू पिऊन गाडी नाल्यात घातलेले, शेजाऱ्याच्या कुंपणावर ट्रॅक्टर चढवलेले, लग्नाच्या मांडवात मेव्हण्याचं नाक फोडलेले, असे सगळे कधी ना कधी मिलोच्या पायऱ्या चढून आलेले होते. रस्त्यात भेटले की ते मिलोला जेमतेम मान हलवत. मिलोही तेवढीच हलवी. त्यापेक्षा जास्त हलवली तर बघणाऱ्याला सगळं कळलं असतं.

आता तोच माणूस दारोदार पाटी घेऊन फिरत होता.

‘मत तुलाच,’ लोक म्हणत. ‘ते काय सांगायला हवं? पण पाटी नको.’

‘का नको?’

‘अरे, लोक विचारतील ना.’

लोक काय विचारतील हे मिलोला माहीत होतं. ज्याच्या अंगणात पोस्पिशिलची पाटी, त्याने काहीतरी केलंय. लुथरन चर्चचे पाद्री लुंडीन तेवढे तत्त्वाचे निघाले. त्यांनी स्वतः येऊन पाटी नेली आणि हिरवळीच्या मधोमध रोवली. पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या समितीचे अध्यक्ष त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘पाद्रीसाहेब, घरी सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर आम्ही आहोत.’ मंगळवारी पाद्रीणबाई पाटी परत घेऊन आल्या. त्यांनी ती धुऊन पुसून आणली होती.

मिलोला ही जागा हवी होती ती एकाच कारणासाठी. ते कारण तो भाषणात सांगत नसे, पण काउंटीत ते कुणाला सांगायची गरजही नव्हती.

आदल्या वर्षीचा मका ओला निघाला होता. ओला मका कोठीत भरला की त्याचा वर कडक थर धरतो आणि खालून काढायला गेलं तर धान्य सुटत नाही. मग कुणीतरी कोठीत उतरून तो थर काठीने फोडतो. उतरण्याआधी कोठीच्या तळाचं, धान्य बाहेर ओढणारं यंत्र बंद करायचं, त्याला कुलूप घालायचं आणि उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा, असा नियम आहे. यंत्र चालू असेल तर मका पायाखालून सरकतो आणि माणूस उभाच्या उभा आत जातो. ऑर्विल स्टूव्हच्या कोठीत नोव्हेंबरात त्याच्याकडे कामाला असलेला डेनी कासिक तसा गेला. वय बेचाळीस. त्या वेळी कोठीपाशी दोघंच होते: आत डेनी, बाहेर ऑर्विल.

शेरीफने ऑर्विलला विचारलं होतं, ‘यंत्र बंदच असणार, नाही का ऑर्विल?’ ऑर्विलने मान हलवली. ती कोणत्या बाजूने हलली ते कुणी लिहून ठेवलं नाही. ‘यंत्र बंद होतं, मयताने नंतर कुणाला न सांगता चालू केलं असावं,’ असं शेरीफने लिहिलं. काउंटीची सरकारी वकील ग्रेचेन टीडेमान हिने ते वाचलं, अपघात ठरवलं आणि कागद बंद केले. ग्रेचेन बारा वर्षं त्या जागेवर होती. तिच्याविरुद्ध आजवर कुणी उभंही राहिलं नव्हतं.

डेनीची बायको रोक्सॅन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. जानेवारीत ती एप्रनवर कोट घालून मिलोकडे आली. कामावर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विम्याचे ठरलेले पैसे मिळतात आणि मग मालकावर दावा लावता येत नाही, हे मिलोने तिला समजावून सांगितलं.

‘पैशाचं कोण बोलतंय?’ रोक्सॅन म्हणाली. ‘डेनी येडपट होता, मिलो. तुला सांगायला नको, तू दोनदा सोडवलायस त्याला. पण यंत्र चालू असताना आत उतरण्याइतका येडपट नव्हता. आत राहून कुणी बाहेरचं बटण दाबतं का? त्याला कुणीतरी उतर म्हटलं, म्हणून तो उतरला. ज्याने म्हटलं त्याने ते कोर्टात उभं राहून सांगावं. मला तेवढंच पाहिजे.’

‘खटला भरणं सरकारी वकिलाच्या हातात असतं, रोक्सॅन. माझ्या नाही.’

‘मग तू हो की सरकारी वकील.’

ती हे भाजीवाल्याला दुसरी भाजी दे म्हणावं तसं म्हणाली. मिलोने ग्रेचेनला जाऊन विचारलं. ग्रेचेन म्हणाली, ‘ऑर्विल बहात्तर वर्षांचा आहे. अर्ध्या गावाला त्याने पडत्या काळात उधारीवर बी-बियाणं दिलंय. आणि माझ्याकडे पुरावा काय आहे? काही नाही.’ पुरावा नव्हता हे खरं होतं. शोधला नव्हता हेही खरं होतं. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी मिलोने अर्ज भरला. तिथल्या कारकून बाईंनी दोनदा विचारलं की त्याला नक्की हीच खिडकी हवी आहे ना.

सप्टेंबरात माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची सभा झाली. कॉफी होती, कोलाचे म्हणजे खसखस भरलेले गोड पाव होते, म्हणून माणसंही होती. मागच्या रांगेतली एक शेतकरीण उभी राहिली.

‘मिलो, अर्ध्या काउंटीचं वकीलपत्र तू घेतलंयस. उद्या सरकारी वकील झालास की त्याच लोकांवर खटले कसे भरणार?’

चतुर उमेदवाराने यावर काहीतरी विनोद केला असता. मिलो नेमकं बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, ‘माझ्या अशिलाने मला विश्वासाने जे सांगितलं, ते मला त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. तसं प्रकरण आलं तर मी त्याला हात लावणार नाही. ते शेजारच्या काउंटीच्या वकिलाकडे जाईल.’

टाळ्या वाजल्या नाहीत. मिलोला वाटलं, लोकांना उत्तर पटलेलं नाही. ते पटलं होतं, फक्त वेगळ्या अर्थाने. जो मिलोचा अशील, त्याला मिलो हात लावणार नाही, एवढंच लोक घरी घेऊन गेले.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी जिन्यावर माणसं बसलेली होती.

‘बोल, काय केलंस?’ मिलोने पहिल्याला विचारलं.

‘अजून काही नाही.’

‘मग आलास कशाला?’

‘हरणांच्या शिकारीचा हंगाम येतोय ना.’

त्याच्यामागची बाई म्हणाली, ‘मला माझ्यासाठी नको. आमच्या ट्रॅव्हिससाठी.’

‘ट्रॅव्हिस किती वर्षांचा आहे?’

‘नऊ. पण त्याच्या बापाकडे बघता आत्ताच करून ठेवलेलं बरं.’

मिलोने प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की तो नवी वकीलपत्रं घेत नाही, नियम लोक समजतात तसा नाही, आणि पुढे करायच्या गुन्ह्यासाठी आधी वकील करून ठेवता येत नाही. लोकांनी ऐकून घेतलं, समजल्यासारखी मान डोलावली, आणि जाताना दारातल्या गठ्ठ्यातली एकेक पाटी उचलली. वकीलपत्र नाही तर पाटी तरी, असा हिशेब त्यांनी आपापसात केला असावा. दोन आठवड्यांत गॅरेज रिकामं झालं. ज्या पाटीची काल लाज होती ती आज ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीसारखी फाटकाफाटकावर लागली.

‘जिंकतोयस तू,’ अर्लिस म्हणाली.

‘चुकीच्या कारणाने.’

‘मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नसते, मिलो. जेव.’

मग एके दिवशी मिलो गावाबाहेरच्या रस्त्याने येत असताना त्याला ऑर्विलच्या कोठीचं फाटक दिसलं. मक्याचे ट्रक वजनाला उभे होते. वजनकाट्याच्या शेजारी, डेनी सायकल लावायचा त्या खांबाला, मिलोची पाटी ठोकलेली होती. ‘तो ऐकून घेतो.’ मिलोने ती ओळ दोनदा वाचली. त्याने गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

बाकीचे लोक जे करत होते तो खुळेपणा होता. हा खुळेपणा नव्हता. ऑर्विलने एकदा मिलोला गाठलं, ‘वकील म्हणून तुला सांगतो’ असं म्हणून डेनीबद्दल चार वाक्यं बोलला आणि मिलोने ती ऐकून घेतली, की संपलं. निवडून आला तरी मिलोला त्या प्रकरणात बोट घालता आलं नसतं. ऑमाहा शहरातल्या कुठल्या तरी महागड्या वकिलाने ही युक्ती त्याला शिकवली असणार, अशी मिलोची खात्री झाली.

‘त्याला बोलूच द्यायचं नाही,’ त्याने अर्लिसला सांगितलं. ‘एक वाक्यसुद्धा नाही.’

‘ऐकून घेणारा उमेदवार,’ अर्लिस म्हणाली.

‘हसू नकोस.’

‘मी कुठे हसतेय?’

त्यानंतरचे तीन आठवडे मिलोने काउंटीतल्या प्रत्येक हाताशी हस्तांदोलन केलं आणि एक हात टाळला. पेट्रोलपंपावर ऑर्विलचा जुना पिकअप दिसला की मिलो अर्धी टाकी भरून निघे. शुक्रवारच्या शाळेच्या फुटबॉल सामन्यात ऑर्विल पायऱ्या चढू लागला, एका गुडघ्याने लंगडत, कठड्याला धरून. मिलो दुसऱ्या बाजूने उतरला आणि उरलेला सामना त्याने बाकांच्या खालून, लोकांच्या बुटांमधून पाहिला. एका म्हातारीच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ऑर्विल हॅमची थाळी घेऊन त्याच्याच टेबलाकडे निघाला, तेव्हा मिलो आपली थाळी घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडला आणि वाहनतळावर उभ्याउभ्या जेवला. पाद्री लुंडीननी ते खिडकीतून पाहिलं. त्यांनी ते मनात ठेवलं.

दोनदा मात्र ऑर्विलने त्याला गाठलंच.

‘मिलो, एक मिनिट आहे का रे तुझ्याकडे?’

‘ऊन छान पडलंय, ऑर्विल.’

‘हो, पडलंय. मला जरा तुझ्याशी...’

‘वारा तेवढा नको आता कापणी होईपर्यंत.’

‘नको, खरं आहे. मिलो, डेनीचं...’

‘अर्लिस वाट बघतेय,’ मिलो म्हणाला आणि चालू लागला. हवेचा विषय काढला की समोरच्याने हवेवर बोलायचं, हा टॅनर काउंटीचा रिवाज. ऑर्विलने तो आयुष्यभर पाळला होता, आणि आताही तो पाळत होता, पण त्याला जड जात होतं हे दिसत होतं. मिलोला तो त्याचा धूर्तपणा वाटला.

ऑक्टोबरच्या मध्याला कापणीच्या सणाची परेड असते. उमेदवाराने परेडमध्ये नसणं म्हणजे अर्ज मागे घेणं. मिलोला कुणीतरी उघड्या टपाची लाल गाडी दिली. अर्लिस चालवत होती आणि मिलो मागच्या बाकाच्या पाठीवर बसून मुलांच्या दिशेने गोळ्या-चॉकलेटं उधळत होता. पुढे जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचं मंडळ होतं, मागे शाळेचा बँड. बँडला दोनच चाली येत होत्या. त्यातली एक त्यांनी समारोपासाठी राखून ठेवली होती.

बँकेच्या कोपऱ्यावर पुढचा एक ट्रॅक्टर बंद पडला. परेड थांबली. ट्रॅक्टरचा मालक खाली उतरून इंजिनावर वाकला आणि त्याच्याभोवती सल्ला देणारे जमले. बँड जागच्या जागी पाय आपटत तीच चाल पहिल्यापासून वाजवू लागला. आणि फुटपाथच्या गर्दीतून ऑर्विल स्टूव्ह खाली उतरला. धुतलेला शर्ट, कोठीचं नाव लिहिलेली टोपी. तो गाडीपाशी आला, दारावर हात ठेवला आणि टोपी काढली.

मिलोला पळायला जागा नव्हती. पुढे ट्रॅक्टर, मागे ढोल, दोन्ही बाजूला मतदार.

‘मिलो,’ ऑर्विल म्हणाला, ‘आज तरी एक मिनिट असेल.’

मिलोने हातातली गोळ्यांची पिशवी बाकावर ठेवली. मग तो कोर्टात बोलावं तशा आवाजात, बँडच्या वरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलला.

‘ऑर्विल, मी तुमचा वकील नाही. होणार नाही. तुम्ही मला जे सांगाल ते मी गुपित ठेवणार नाही. ते सरकारी वकिलाला सांगेन, शपथेवर सांगेन, शब्दन्‌शब्द सांगेन. अर्लिस ऐकतेय. हे समजलं का तुम्हाला?’

फुटपाथवरच्या पहिल्या रांगेने ते ऐकलं. तिथे हरणवाला होता आणि ट्रॅव्हिसची आई होती. त्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, जसं फोटोत राहतं.

ऑर्विलने मान हलवली. या वेळी कोणत्या बाजूने, ते स्पष्ट होतं.

‘म्हणून तर तुझ्याकडे आलो,’ तो म्हणाला. ‘वकील आहे मला, ऑमाहाचा. तो म्हणतो, तोंड बंद ठेवा. बाकी सगळेही तेच म्हणतात, फक्त गोड बोलून म्हणतात. ग्रेचेनकडे मी वसंतात दोनदा गेलो. तिने कॉफी दिली. म्हणाली, घरी जा ऑर्विल, मनाला लावून घेऊ नका. पाद्रीबाबा म्हणाले, देवाने माफ केलंय. मी अजून सांगितलंही नव्हतं काय केलं ते, आणि माफी मिळालीसुद्धा. कॉफीच्या टेबलावर काढलं की लोक मक्याचा भाव काढतात. तू उभा राहिलास तेव्हा वाटलं, हा तरी ऐकेल. पाटीवरही तसंच लिहिलंयस.’

मागे बँडने तीच चाल पुन्हा सुरू केली.

‘ट्रक खोळंबले होते,’ ऑर्विल म्हणाला. ‘सात-आठ उभे होते रस्त्यापर्यंत. डेनी म्हणाला, यंत्र बंद करतो आणि उतरतो. मी म्हटलं, चालूच राहू दे, लवकर सुटेल. तो म्हणाला, ऑर्विल, दोर? मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम. दोर तिथेच होता, खिळ्याला. तो माझ्याकडे बघून हसला आणि उतरला. मी म्हटलं म्हणून उतरला. शेरीफने विचारलं यंत्र बंद होतं ना, तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली होती. त्याने काय लिहिलं ते मला महिन्याने कळलं. तेव्हा मी काही बोललो नाही. ते माझंच.’

पुढे ट्रॅक्टर धडधडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्लिसने गाडी सुरू केली नाही. तिचे दोन्ही हात चाकावर होते आणि ती आरशातून मागे बघत होती.

‘तेवढंच,’ ऑर्विल म्हणाला. ‘आता तुझी परेड अडवत नाही.’ त्याने टोपी घातली आणि तो फुटपाथवर चढला. त्याला हात द्यायला कुणी पुढे झालं नाही, आणि कुणी मागेही सरलं नाही.

राहिलेला अर्धा रस्ता मिलोने गोळ्या उधळल्या. मुलं ओरडत होती म्हणून उधळल्या.

‘तीन आठवडे मी त्याच्यापासून पळत होतो,’ घरी आल्यावर तो म्हणाला. ‘मला वाटलं, त्याला सुटायचंय.’

अर्लिसने त्याच्या खांद्यावरचं कागदी फुलांचं तोरण काढून टेबलावर ठेवलं. ‘आता सांग, नीट सांग, तुमच्या त्या नियमांत हे कुठे बसतं?’

नियमात ते अगदी व्यवस्थित बसत होतं, आणि तीच पंचाईत होती. ऑर्विल त्याचा अशील झाला नव्हता, त्यामुळे मिलोला ते सांगता येत होतं. पण ते ऐकल्यामुळे तो साक्षीदार झाला होता, आणि ज्या खटल्यात आपण साक्षीदार तो खटला आपल्यालाच चालवता येत नाही. तो निवडून आला तर डेनीचं प्रकरण शेजारच्या काउंटीच्या वकिलाकडे जाणार होतं. त्या वकिलाला डेनी कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्याच्या टेबलावर स्वतःच्याच काउंटीचे ढीग पडलेले होते. ज्या एका कामासाठी मिलो उभा होता, ते काम आता काउंटीत एकच माणूस करू शकत होता, आणि तो माणूस म्हणजे ग्रेचेन टीडेमान.

‘निवडणूक होईपर्यंत गप्प बसलास तर?’ अर्लिस म्हणाली. ‘मी बस म्हणत नाहीये. विचारतेय.’

‘मग ऑमाहाचा वकील कोर्टात विचारेल, तीन आठवडे कशाची वाट बघत होतात? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसेल. म्हणजे असेल, पण सांगण्यासारखं नसेल.’

‘रोक्सॅनला कोण सांगणार?’

‘मी सांगतो. आधी ग्रेचेनला.’

सोमवारी तो काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीत ग्रेचेनच्या खोलीत गेला. टंकलेखक बाई बाहेर गेली तसं त्याने दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, न थांबता. ग्रेचेनने लिहून घेतलं. ‘दोनदा आलो होतो, तिने कॉफी दिली’ इथे तिचं पेन थांबलं.

‘हे पण सांगितलं त्याने?’

‘हो.’

‘मला वाटलं, म्हातारा खचलाय,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, मी माणुसकीने वागतेय.’

‘मी हॅमची थाळी घेऊन मागच्या दाराने पळालो होतो,’ मिलो म्हणाला.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर कोर्टाच्या हिरवळीवर तिचीही पाटी होती आणि शेजारी त्याचीही. ‘तुला कळतंय ना, मी आता आरोप ठेवला तर लोक काय म्हणतील? म्हणतील, टीडेमानने करून दाखवलं. ही निवडणूक मी जिंकले.’

‘कळतंय.’

‘मतदानानंतर ठेवला तरी चालेल. खटल्याला काही होणार नाही.’

‘त्याला बोलायचंय तोवर ठेव,’ मिलो म्हणाला. ‘रोज त्याला कुणी ना कुणी गप्प करतंय.’

तिने गुरुवारी आरोप ठेवला. ऑर्विल स्वतः गाडी चालवत येऊन शेरीफपुढे हजर झाला. शनिवारपर्यंत मिलोच्या पाट्या अंगणातून गेल्या होत्या. परेडमध्ये त्याने काय म्हटलं ते पहिल्या रांगेने ऐकलं होतं, पण दुसऱ्या रांगेपासून पुढे एवढंच गेलं, की ऑर्विलने पोस्पिशिलला सांगितलं आणि पोस्पिशिलने ते सांगून टाकलं. हरणवाल्याने येऊन पाटी परत केली. ‘राग नको मानू,’ तो म्हणाला, ‘पण मग तुझा उपयोग काय?’ काही पाट्या मिलोच्या गॅरेजच्या दाराशी ओळीने टेकून ठेवलेल्या सापडल्या. ऑर्विलच्या फाटकावरची मात्र मतदानाच्या दिवशीपर्यंत होती.

मिलो हरला. सणसणीत हरला. ट्रॅव्हिसच्या आईने दुकानात त्याला सांगितलं की तिला वाईट वाटतंय, आणि मग ती हवेबद्दल बोलली.

डिसेंबरात ऑर्विलने गुन्हा कबूल केला. खटला उभा राहिला नाही, त्यामुळे मिलोची साक्षही झाली नाही. तो मागच्या बाकावर सूट घालून बसला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कबुली द्यायची तर आरोपीने काय केलं ते न्यायाधीशांपुढे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. न्यायाधीश त्या भागातलेच, ऑर्विलला पन्नास वर्षं ओळखणारे. ऑर्विल ‘ट्रक खोळंबले होते’ इथपर्यंत आला आणि अडला. न्यायाधीशांचं तोंड उघडलं. ‘पुरे, पुढचं आम्हाला माहीत आहे’ असं ते म्हणणार हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. ग्रेचेनने टेबलावर हात ठेवला.

‘न्यायाधीश महाराज,’ ती म्हणाली, ‘त्यांना पूर्ण बोलू द्या.’

ऑर्विल पूर्ण बोलला. यंत्र, दोर, दोन मिनिटांचं काम. रोक्सॅन कोट न काढता पहिल्या बाकावर बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती, तो थांबला तरी बघत होती. तिने रडून घेतलं नाही आणि माफही केलं नाही. त्याचं संपल्यावर तिने मान एकदा खाली-वर केली, म्हणजे ऐकलं.

बाहेरच्या ओसरीवर ती हातमोजे घालत मिलोपाशी थांबली. तिला शाळेत परत जायचं होतं. सव्वाशे मुलांचं जेवण होतं.

‘तुला एक सांगायचं राहिलंय,’ ती म्हणाली. ‘मत मी ग्रेचेनला दिलं. केस तिच्याकडे होती ना. तू आला असतास तर बाहेर गेली असती.’

‘बरोबर केलंस.’

‘राग नाही आला?’

‘मीपण तिलाच दिलं,’ मिलो म्हणाला.

रोक्सॅन त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ‘आणि अर्लिस?’

‘अर्लिसने मला दिलं. ती अजून माझ्याशी बोलत नाहीये.’

‘मग घरी जा,’ रोक्सॅन म्हणाली, ‘आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नकोस.’